चामटोली ते कार्ल्सबर्ग: अरबी समुद्राचे पाणी आणि तळ

२६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये, चामटोलीजवळ अडकली. उल्हास नदी रुळांवर आली होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल, पोलीस आणि आसपासचे गावकरी यांनी मिळून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढले. अशा पुरानंतर नदीपात्रातली बांधकामे, रेल्वेचे निर्णय आणि हवामान खात्याचे इशारे यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण एवढे पाणी आले कुठून, या प्रश्नाचे उत्तर पश्चिमेला, समुद्रावर शोधावे लागते. त्या पाण्याचा मोठा वाटा काही दिवसांपूर्वी अरबी समुद्राच्या आणि विषुववृत्तापलीकडच्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागावर होता.

चामटोलीतून समुद्र दिसत नाही. तरीही हे गाव त्याच्याशी जोडलेले आहे: पावसाळ्यात वाफेने, बारमाही नदीने आणि कोट्यवधी वर्षे पायाखालच्या काळ्या कातळाने. अरबी समुद्राचे पाणी आणि त्याचा तळ यांविषयी आज काय माहीत आहे याचा आढावा इथूनच घेणे म्हणूनच योग्य वाटते. शाळेत आपण समुद्राच्या पाण्याचे गुणधर्म एका धड्यात शिकतो आणि सागरतळाची रचना दुसऱ्या धड्यात. अरबी समुद्राच्या बाबतीत ही फाळणी टिकत नाही. त्याचा खारेपणा, त्याची भरती, त्यातला ऑक्सिजन आणि मासे या सगळ्यांवर त्याच्या तळाच्या आणि काठांच्या ठेवणीची छाप आहे.

एकाच भेगेची दोन अपत्ये

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. चामटोलीच्या आसपासचे डोंगर, मलंगगड, माथेरान आणि पूर्वेची सह्याद्रीची भिंत ही सर्व त्याच बेसाल्टची. तेव्हा पश्चिमेला आजच्यासारखा समुद्र नव्हता. आज हिंदी महासागरात दूर असलेला सेशेल्सचा भूभाग भारताला लागून होता. लाव्हा ओसरत असतानाच, म्हणजे सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, तो सुटून वेगळा होऊ लागला आणि मधल्या भेगेत नवा सागरतळ तयार होत गेला.

या ताटातुटीची खूण जमिनीवरही आहे. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये बेसाल्टचे थर जवळपास आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे कलू लागतात आणि मुंबई बेटांवर हा कल स्पष्ट होतो. भूशास्त्रज्ञ या वाकाला पनवेलचा वाक म्हणूनच ओळखतात. पुढे हेच थर समुद्राखाली जातात. मुंबई हायच्या तेलविहिरी खोदताना चुनखडक आणि गाळाच्या जाड थरांखाली जो पाया लागतो, त्यात दख्खनचा बेसाल्ट आहे. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांना म्हणूनच एकाच घटनेची दोन अंगे मानावे लागते.

खोल समुद्रात मात्र ही गोष्ट सरळ राहत नाही. मुंबईच्या पश्चिमेला लक्ष्मी खोरे आणि त्यापलीकडे लक्ष्मी पर्वतरांग आहे. रांग बहुधा भारतापासून तुटून राहिलेला भूखंडाचा तुकडा असावी. पण खोऱ्याचा तळ खरा सागरी कवच आहे की ताणून पातळ झालेला भूखंड, यावर अनेक वर्षे मतभेद आहेत. या खोऱ्यातल्या पाण्याखालच्या पर्वतांना सी. व्ही. रामन, एन. के. पणिक्कर आणि डी. एन. वाडिया यांची नावे दिलेली आहेत. २०१५ साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने आंतरराष्ट्रीय मोहिमेत इथे तळाला भोके पाडली. साडेतीन किलोमीटरहून जास्त पाण्याखाली, तळाच्या आत सुमारे १,१०० मीटर खोल गेल्यावर बेसाल्ट लागला. मधल्या गाळात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी कोसळलेल्या प्रचंड पाणबुड्या दरडीचा थर सापडला. संशोधकांनी तिला ‘नटराज’ हे नाव दिले. मोहीम झाली तरी खोऱ्याच्या कवचाचा वाद संपलेला नाही. मिळालेल्या बेसाल्टचा अर्थ कसा लावायचा, यावर आता चर्चा चालते.

नवा तळ आजही तयार होतो आहे, पण आपल्या किनाऱ्यापासून फार दूर, कार्ल्सबर्ग पर्वतरांगेत. ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या १९२८ ते १९३०च्या मोहिमेत ती लक्षात आली आणि मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या प्रतिष्ठानाचे नाव तिला मिळाले. तिच्या दोन बाजू दर वर्षी अडीच-तीन सेंटीमीटरच्या आसपास दूर सरकतात. मधल्या भेगांतून गरम, खनिजयुक्त पाणी वर येते आणि त्याभोवती धातूंची सल्फाइडे साचतात. समुद्राच्या उत्तर काठावर, मकरानपाशी, याच्या उलट घडते: तिथे तळ आशियाखाली दबतो. नोव्हेंबर १९४५मध्ये तिथल्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामी लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. आपला समुद्र शांत आहे, हे गृहीत धरता येत नाही.

रुंद, उथळ मंच

किनाऱ्यावरून पाण्यात गेले की आधी भूखंडमंच, मग खंडान्त उतार आणि शेवटी सागरी मैदान, हा क्रम सगळीकडचा. महाराष्ट्राचे वैशिष्ट्य म्हणजे मंचाची रुंदी. कोचीसमोर तो साठेक किलोमीटरचा आहे. मुंबईसमोर तीनशे किलोमीटरच्या वर जातो. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास आहे. सरासरी काढली तर दोन किलोमीटरमागे साधारण एक मीटर एवढाच हा उतार पडतो. इतका सपाट प्रदेश कोकणात जमिनीवर शोधूनही मिळणार नाही.

या सपाटीमुळेच १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम-तराफ्याला तिथे पाय रोवून तेल शोधता आले आणि १९७६पासून उत्पादन सुरू झाले. एवढ्या दूरवर इतके उथळ पाणी नसते, तर त्या काळच्या तंत्राने ते साठे गाठणे फार अवघड गेले असते.

या मंचावर एक बुडालेला भूगोल आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्यात, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हा जवळजवळ सगळा मंच उघडी जमीन होता आणि उल्हास, वैतरणा, तापी, नर्मदा यांना समुद्र गाठायला आजच्यापेक्षा कितीतरी लांब पश्चिमेला जावे लागत असणार. मुंबई आणि सौराष्ट्रासमोर सुमारे ९० मीटर खोलीवर एक विस्तीर्ण सपाट भाग आहे, नकाशांवर ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’. तिथे चिखल नाही. चुनखडीची वाळू आणि उथळ पाण्यातच वाढणाऱ्या जिवांचे अवशेष आहेत. पाणी वर चढत असताना किनारा कधीकाळी तिथे होता, याची ही साक्ष. जमिनीलगतचा पुरावाही आहे: १८७८च्या सुमारास मुंबईत प्रिन्सेस डॉकची खोदाई चालू असताना भरतीच्या पातळीखाली, चिखलात उभ्या राहिलेल्या झाडांची खोडे सापडली होती.

विजयदुर्गासमोर, सुमारे शंभर किलोमीटर समुद्रात, आंग्रिया बँक आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे हे पाणबुडे पठार पृष्ठभागापासून वीसेक मीटरपर्यंत वर येते आणि त्यावर प्रवाळ वाढतात. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात प्रवाळांना पुरेसा प्रकाश मिळत नाही. इथे तो मिळतो. नद्यांचा गाळ इतक्या दूर पोहोचत नाही, हेच त्यामागचे कारण.

खारेपणाचा हिशेब

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४. एवढ्या सहा घटकांत जवळजवळ सगळा हिशेब संपतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्षार कमी असोत वा जास्त, खुल्या समुद्रात या घटकांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहते. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेल्या ७७ नमुन्यांवर काम करून विल्यम डिटमार यांनी १८८४ साली ते पक्के केले. म्हणून आज एकट्या विद्युतवाहकतेवरून क्षारता काढता येते.

इथे एक कोडे आहे. उल्हासचे पाणी बेसाल्टमधून जे विरघळवून नेते त्यात मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका असते. समुद्रात मात्र सोडियम आणि क्लोराइडचे राज्य. नद्या समुद्राला खारट करतात म्हणावे, तर समुद्र नदीच्याच पाण्याचा आटवलेला अर्क असायला हवा होता. तसे घडत नाही, कारण समुद्र प्रत्येक घटकाला वेगळी वागणूक देतो. कॅल्शियम शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव कवचांसाठी घेतात. सिलिका डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती घेतात. मॅग्नेशियमचा बराच भाग सागरतळाच्या तापलेल्या बेसाल्टमधून पाणी फिरताना काढून घेतला जातो. सोडियम आणि क्लोराइडला सहज बाहेरची वाट नाही, म्हणून ते साचत राहतात. क्लोरीनचा मोठा भाग तर पृथ्वीच्या पोटातून वायुरूपात बाहेर आलेला. म्हणजे पाण्याची चवसुद्धा नद्या, सजीव आणि तळ या तिघांनी मिळून ठरवलेली असते.

मिठागरात हाच हिशेब उलट दिशेने चालतो. उरण, भाईंदर, वसईच्या आगरांत पाणी आटत जाते तसा आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम आणि पाणी सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले की मीठ धरू लागते. शेवटी उरणारे कडवट, मॅग्नेशियमयुक्त पाणी सोडून द्यावे लागते, नाहीतर मीठ कडू होते आणि हवेतली ओल धरते. कोणत्या कप्प्यातून पाणी कधी पुढे सोडायचे, हे ओळखणारी आगरी मीठकऱ्यांची नजर ही पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली रसायनविद्याच आहे.

जगाची सरासरी ३५ असली तरी अरबी समुद्राच्या उत्तर भागात पृष्ठभागावरची क्षारता ३६च्या वर जाते. बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला ती ३२च्याही खाली येते. एकाच अक्षांशांवरच्या दोन समुद्रांत एवढा फरक पडतो तो काठांमुळे. उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी रिकाम्या होतात. सह्याद्रीचा कडा अरबी समुद्राच्या इतक्या जवळ आहे की कोकणातल्या नद्या तोकड्याच राहतात आणि सह्याद्रीत उगम पावणाऱ्या गोदावरी, कृष्णा पूर्वेकडे निघून जातात. समुद्राच्या पश्चिमेला आणि वायव्येला वाळवंट. परिणामी इथे पडणाऱ्या आणि वाहून येणाऱ्या पाण्यापेक्षा बाष्पीभवन जास्त होते.

थर आणि प्रवाह

समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १,०२५ किलो. गार पाणी जड, खारट पाणी जड. फरक थोडा असतो, पण त्यावरच पाण्याचे थर ठरतात.

हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर कोरडे, गार ईशान्य वारे वाहतात. पाणी थंडावते, आटते, जड होऊन खाली जाते आणि खालचे पोषकद्रव्ये असलेले पाणी वर येते. त्यामुळे ऐन हिवाळ्यात तिथे सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो. ही यंत्रणा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली स्पष्ट केली. त्याआधी उष्ण कटिबंधातल्या समुद्रात हिवाळ्यात एवढी सुपीकता का, हे नीट उलगडलेले नव्हते.

मध्यम खोलीवर आणखी दोन पाहुणे पाणथर आहेत. इराणच्या आखातातले आणि तांबड्या समुद्रातले पाणी ४०च्या आसपास क्षारतेचे असते. ते होर्मुझ आणि बाब-अल-मंदेबच्या उथळ सामुद्रधुन्यांतून बाहेर पडते, उतारावरून घसरते आणि आपल्या घनतेला जोडीदार मिळेल त्या पातळीवर पसरते: पहिले सुमारे २०० ते ३५० मीटरवर, दुसरे ६०० ते ८०० मीटरच्या आसपास. अगदी तळाशी दोनेक अंश सेल्सियसचे थंड पाणी दक्षिणेकडून, बुडालेल्या पर्वतरांगांमधल्या खिंडींतून आत शिरते. या सामुद्रधुन्या आणि खिंडी नसत्या, तर हे थर असे रचले गेले नसते.

किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो आणि खालचे गार पाणी मंचावर चढते. हिवाळ्यात तो उत्तरेकडे वळतो आणि बंगालच्या उपसागरातले कमी खारे पाणी किनाऱ्याने वर आणतो. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवाहाचे कोडे उलगडताना दाखवले की आपल्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यांनी तो पुरता समजत नाही. उपसागरात उठलेल्या आणि किनाऱ्याचा काठ धरून येणाऱ्या लाटांचाही त्यात हात आहे.

ऑक्सिजन नसलेला पट्टा

या सर्वांचा सर्वांत गंभीर परिणाम सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीवर दिसतो. तिथे पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही. ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून १९३३-३४ साली झालेल्या जॉन मरे मोहिमेत हे ठळकपणे पुढे आले.

कारण दुहेरी आहे. वरच्या थरात सूक्ष्म वनस्पतींचे पीक अमाप. ते मरून खाली पडताना कुजते आणि ऑक्सिजन खाते. दुसरीकडे ताजे पाणी आत येण्याचा मार्ग चिंचोळा. पॅसिफिक किंवा अटलांटिक महासागर उत्तरेला ध्रुवीय प्रदेशापर्यंत उघडे आहेत; अरबी समुद्र कर्कवृत्ताच्या थोडा पुढे जाऊन आशियाला आदळतो. एकाच बाजूला दार असलेल्या खोलीत हवा खेळत नाही, तसे हे आहे. ऑक्सिजन संपला की सूक्ष्मजीव नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि नायट्रोजन वायुरूपाने निसटतो. सागरी नायट्रोजनचा असा व्यय जगात प्रामुख्याने तीन ठिकाणी होतो. पूर्व पॅसिफिकमधली दोन सोडली तर तिसरे आपल्या दारात आहे.

पावसाळ्यात हेच पाणी मंचावर चढते. वर नद्यांचे आणि पावसाचे हलके गोडे पाणी झाकण घालते. मग ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तळालगतचा ऑक्सिजन संपतो आणि कधी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की भारताच्या पश्चिम मंचावर यातून नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढ करणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि हा पट्टा तीव्र होत असण्यामागे शेतातून वाहून येणाऱ्या खतांचा हात असू शकतो. गोव्यात कांदोळीसमोरच्या ठिकाणी केलेल्या दीर्घकालीन मोजणीमुळे हा बदल ऋतुमानाने वाचता येतो. उत्तर अरबी समुद्रात हिवाळी बहरात आता डायटमची जागा हिरवी नॉक्टिल्युका हा सूक्ष्म जीव घेतो आहे. २०१४ साली हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी त्याचा संबंध कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. नॉक्टिल्युका माशांच्या अन्नसाखळीत नीट बसत नाही, म्हणून हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही. तो तारली आणि बांगड्याच्या भवितव्याचा आहे.

भरतीचे गणित

गोव्यात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटर. मुंबईत तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो आणि खंबातच्या आखातात दहा मीटरच्या घरात. चंद्र तोच, सूर्यही तोच. फरक मंचाच्या रुंदीचा आणि किनाऱ्याच्या आकाराचा. भरतीची लाट उथळ, रुंद मंचावर चढताना उंच होते आणि नरसाळ्यासारख्या आखातात आणखी दाटते.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून चालते: तिथीचा आकडा पाऊणपट करायचा. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, अशी भरतीची अंदाजे वेळ मिळते. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे जाते, हे त्यामागचे तत्त्व. सातपाटी, अर्नाळा, वसई, उत्तनच्या कोळ्यांची डोल जाळी तर पूर्णपणे भरतीच्या ओढीवर चालतात. जाळे जागेवर बांधलेले आणि पाणी मासे घेऊन येते. बोंबील, जवळा, मांदेली यांची ही मासेमारी उत्तर कोकणात बहरली, कारण उथळ मंच, जोराचा प्रवाह आणि गढूळ पाणी हे तिन्ही इथे एकत्र येतात.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८पासून समुद्रपातळीची नोंद होते. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतच्या आकड्यांवरून इथली पातळी वर्षाला सरासरी एक मिलिमीटरपेक्षा कमी वेगाने चढत होती. १९९३पासूनच्या उपग्रह मोजणीत जगाचा सरासरी वेग तीन मिलिमीटरच्या वर गेला आहे. पाच मीटर भरतीच्या शहरात काही मिलिमीटर क्षुल्लक वाटतील, पण पावसाचे पाणी समुद्रात सोडण्यासाठी ओहोटीचे जे मोजके तास मिळतात, ते या वाढीने कमी होत जातात.

नदी तळाला काय देते

चामटोलीजवळून वाहणारे पाणी बदलापूर, कल्याणवरून खाडीत शिरते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. एक फाटा ठाण्याच्या खाडीला जोडलेला आहे. नदीच्या गढूळपणात काळ्या मातीतली अतिशय बारीक, फुगणारी चिकणमाती असते. गोड्या पाण्यात तिचे कण एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच क्षारांमुळे ती लोटालोट संपते, कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. खाडीतला चिखल, खाजणे, तिवरांची जंगले यांचा पाया हाच. खंबातपासून गोव्यापर्यंतच्या आतल्या मंचावरच्या गाळात दख्खनच्या बेसाल्टमधून आलेली हीच चिकणमाती सापडते. म्हणजे उल्हासच्या खोऱ्यातली माती खरोखरच सागरतळ होते.

मातीबरोबर बाकीचेही जाते. चिकणमातीचे कण धातू धरून ठेवतात. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी घेऊन खाडीकडे जाते. उल्हासच्या खाडीतील गाळात पाऱ्याचे प्रमाण संशोधकांनी अनेकदा मोजले आहे. पूर्वी पारा वापरून कॉस्टिक सोडा बनवला जात असे, त्याची ही नोंद. कारखान्याने तंत्र बदलले तरी चिखलात पुरलेला पारा तिथेच असतो आणि गाळ उपसला की पुन्हा पाण्यात येऊ शकतो. नदीत टाकलेले ‘वाहून गेले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते प्रत्यक्षात खाडीच्या चिखलात साठवलेले असते.

ऊब आणि पाऊस

समुद्राच्या वरच्या अवघ्या अडीच-तीन मीटर पाण्यात संपूर्ण वातावरणाएवढी उष्णता साठू शकते. मे महिन्यात अरबी समुद्राचा मोठा भाग ३० अंशांच्या आसपास पोहोचतो. मग सोमालियाच्या किनाऱ्याने येणारा जोरदार वारा समुद्र ओलांडून सह्याद्रीला धडकतो. या वाऱ्याचा पट्टा १९६९ साली जे. फिंडलेटर यांनी नकाशावर मांडला. तो समुद्र घुसळून थंड करतो आणि वाटेत वाफ उचलतो. सह्याद्री तिला वर ढकलतो आणि उल्हासच्या खोऱ्यात ती पाऊस होऊन पडते.

हा समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिप्पट झाल्या, आणि त्यांचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाढत्या चढउतारांशी आहे. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले. मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळाने मुंबई हाय परिसरात पी-३०५ ही तराफा-नौका बुडवली. उथळ, रुंद मंच वादळाच्या वेळी किनाऱ्यावर पाण्याचा ढीग व्हायला मदत करतो. वादळ उधाणाच्या भरतीला येऊन भिडले, तर उत्तर कोकणात पाणी किती चढेल, याचा हिशेब तळाच्या अचूक नकाशाशिवाय मांडता येत नाही.

कोणी मोजले, काय उरले

या ज्ञानाचा मोठा भाग मराठी मुलखाच्या शेजारी, गोव्यात दोना पावला इथे तयार झाला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ‘गवेषणी’, ‘सागर कन्या’, ‘सिंधू साधना’ या जहाजांनी पाण्याचे आणि गाळाचे नमुने आणले. नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या आदिती पंत याच संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमेत सहभागी झालेल्या या पहिल्या महिला. आज सुमारे ४,००० आर्गो तरंगक जगभरच्या समुद्रांत दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता कळवतात आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हिंदी महासागरातल्या नोंदी सांभाळते.

तळाच्या बाबतीत आपण मागे आहोत. जगाच्या सागरतळापैकी आधुनिक उपकरणांनी मोजलेला भाग अजून एक चतुर्थांशाच्या आसपासच आहे. २०२१ साली मंजूर झालेल्या भारताच्या डीप ओशन मिशनचा भर खोल समुद्रातील खनिजांवर आणि मानवयुक्त पाणबुडीवर आहे. ते काम महत्त्वाचे आहे. पण महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक निकडीचे प्रश्न उथळ पाण्यातले आहेत: मंचाचा बारीक नकाशा, खाडीमुखातली क्षारता आणि ऑक्सिजन यांची वर्षभर नोंद, आंग्रिया बँकेसारख्या जागांचे जतन, आणि धरणांनी अडवलेल्या गाळाचा किनाऱ्यावर काय परिणाम होतो याचा अभ्यास.

यात अडथळा ज्ञानापेक्षा कारभाराच्या विभागणीचा आहे. नदी जलसंपदा खात्याची, सांडपाणी नगरपालिकेचे, प्रदूषण मंडळाचे, मासेमारी १२ सागरी मैलांपर्यंत राज्याची आणि त्यापुढे केंद्राची, तेल आणखी कोणाचे. प्रत्येक जण आपापला तुकडा सांभाळतो आणि समुद्राचे पाणी, गाळ आणि ऑक्सिजन या सर्व तुकड्यांमधून ये-जा करत राहतात. उल्हासच्या उगमापासून भूखंडमंचाच्या कडेपर्यंतचा पट्टा एकच प्रदेश मानून त्याची एकत्र मोजणी आणि एकत्र नियोजन व्हावे, ही मागणी आता करायला हवी. त्याची सुरुवात खर्चिक असण्याचीही गरज नाही. खोऱ्यातल्या आणि खाडीकाठच्या शाळा-महाविद्यालयांनी ठरावीक जागी, ठरावीक तिथीला पाण्याची क्षारता, तापमान आणि गढूळपणा मोजून मराठीत प्रसिद्ध केला, तर दहा वर्षांत अशी नोंदवही तयार होईल जी आज कोणत्याही खात्याकडे नाही. अपोलो बंदरावरच्या नोंदीचे मोल तिच्या उपकरणापेक्षा तिच्या सातत्यात आहे. खोऱ्याच्या दुसऱ्या टोकालाही तसेच सातत्य उभे करणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.